नावसाधर्म्याची किंमत कोणी मोजायची?

२००९च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या कंपनी निबंधक कार्यालयात, म्हणजे कंपनीज हाउसमध्ये, एक नोंद चुकली. न्यायालयाने ‘टेलर अँड सन’ नावाची कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मोडीत काढून बंद करण्याचा, आदेश दिला होता. नोंद झाली ती ‘टेलर अँड सन्स’च्या नावावर. दोन्ही कंपन्यांचा एकमेकींशी काडीचा संबंध नव्हता. दुसरी वेल्समधली, शंभर वर्षांहून जुनी अभियांत्रिकी कंपनी होती आणि अडीचशेच्या घरात माणसं तिथं कामाला होती. चूक काही दिवसांतच दुरुस्त झाली. पण तोवर ‘कंपनी बुडाली’ ही माहिती पतमापन करणाऱ्या संस्थांकडे पोचली होती आणि तिथून सगळीकडे. पुरवठादारांनी उधारी तोडली, गिऱ्हाइकांनी हात आखडता घेतला. दोन महिन्यांत ती धडधाकट कंपनी खरोखरच प्रशासकाच्या ताब्यात गेली. २०१५ साली इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने या नुकसानीला कंपनीज हाउस जबाबदार आहे, असा निकाल दिला. कंपनी अर्थातच परत आली नाही.

हे सगळं एका ‘स्’पायी. दोन्ही कंपन्यांचे नोंदणी क्रमांक वेगवेगळे होते, आणि ते क्रमांक देणारं कार्यालय तेच होतं.

ही हकिगत ऐकली की बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : सारख्या नावाच्या कंपन्या नोंदवूच देऊ नयेत. मला हे पटत नाही. नावं सारखी असायला माझी हरकत नाही. पण नुसतं नाव जुळलं म्हणून कोणी दुसऱ्याचा माल अडवला, खातं गोठवलं, उधारी तोडली किंवा बातमी छापली, तर नुकसान भरून देण्याची जबाबदारी जुळवणाऱ्याची असावी. आज रीत नेमकी उलटी आहे. ज्याचं नाव जुळलं त्यानेच ‘तो मी नव्हे’ असं म्हणत दारोदार फिरायचं, कागद दाखवायचे, आणि तेवढ्या काळात धंदा बसला तर ते त्याचं नशीब.

मुळात नावं सारखी होतात ती चोरीमुळेच, हा समज काढून टाकला पाहिजे. पृथ्वीवर कारखाने आणि वाहतूकदार लाखोंनी आहेत, आणि वजनदार वाटतील, परदेशी माणसालाही उच्चारता येतील अशी नावं मोजकीच. खांद्यावर आकाश पेलणारा ग्रीक पुराणातला ॲटलस अवजड कामाच्या माणसांना आवडला नसता तरच नवल. स्वीडनमध्ये १८७३ साली ‘ॲटलस’ नावाने रेल्वेचं साहित्य बनवणारी कंपनी निघाली. तीच आजची कॉम्प्रेसरवाली ‘ॲटलस कॉप्को’. अमेरिकेत १९४८ सालची ‘ॲटलस व्हॅन लाइन्स’ घरसामान हलवते आणि १९९२ सालची ‘ॲटलस एअर’ विमानांनी माल नेते. तिघींचं आपसांत काही नातं नाही. ‘डेल्टा’चं तर आणखी मजेशीर आहे. डेल्टा एअर लाइन्सचं नाव आलं मिसिसिपीकाठच्या ‘डेल्टा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशावरून. नळ बनवणाऱ्या डेल्टाचं नाव आलं नळाच्या आतला एक भाग त्या ग्रीक अक्षरासारखा दिसतो म्हणून. तैवानची डेल्टा इलेक्ट्रॉनिक्स वीजपुरवठ्याची उपकरणं बनवते आणि तिचा या दोघींशी काही संबंध नाही. कोणी कोणाचं काय घेतलं?

कायद्यालाही हे मान्य आहे. व्यापारचिन्हांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत. यंत्रं सातव्या वर्गात, वाहनं बाराव्या, वाहतूक आणि गोदामं एकोणचाळिसाव्या. पंप बनवणारा आणि मालवाहतूक करणारा एकच नाव राजरोस वापरू शकतात, कारण पंप घ्यायला निघालेला माणूस चुकून ट्रक ठरवून येत नाही. कंपनी म्हणून नोंदणी करताना निबंधक तंतोतंत तेच नाव दुसऱ्याला देत नाही हे खरं, पण ते त्याच्या रजिस्टरपुरतं. अमेरिकेत ही नोंदणी राज्यागणिक होते, म्हणजे रजिस्टरंच पन्नास. चीनमध्ये कंपनीच्या नावात गाव, खास नाव आणि धंदा हे सगळं यावं लागतं. ही फार शहाणी पद्धत आहे. पण तेच नाव रोमन लिपीत उतरलं की वेगवेगळ्या चिनी अक्षरांची नावं एकसारखी दिसू लागतात आणि परदेशातल्या बँकेच्या पडद्यावर दोन अनोळखी कारखाने जुळी भावंडं होऊन बसतात.

नाव एकमेवच असलं पाहिजे असा नियम जगभर केला, तर तो पाळायला लावण्याची ताकद कोणाकडे असेल? ज्याच्याकडे वकिलांची फौज आहे त्याच्याकडे. आडनावाने धंदा करणाऱ्या छोट्या कारखान्याला मग स्वतःचं आडनावही उरणार नाही. त्यातून कोण आधी आणि कोण मोठं यांचा मेळ बसेलच असं नाही. जपानची मित्सुबिशी पेन्सिल कंपनी जहाजं आणि मोटारी बनवणाऱ्या मित्सुबिशी समूहाची कोणी लागत नाही. तीन हिऱ्यांचं चिन्ह पेन्सिलवाल्यांनी १९०३ साली नोंदवलं, समूहाच्या आधी. सारख्या नावाची बंदी असती तर त्या बलाढ्य समूहाला पेन्सिलवाल्यांपुढे हात जोडावे लागले असते. प्रत्यक्षात ते कसं झालं असतं हे सांगायला नको.

मर्कचं उदाहरणही असंच आहे. जर्मनीतल्या डार्मश्टाटमध्ये १६६८ साली औषधाच्या दुकानापासून सुरू झालेला हा धंदा. त्याची अमेरिकेतली शाखा पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने शत्रूची मालमत्ता म्हणून जप्त केली आणि पुढे ती स्वतंत्र कंपनी झाली. आज अमेरिका आणि कॅनडात एक मर्क, बाकीच्या जगात दुसरी. इंटरनेटला सरहद्दी कळत नाहीत म्हणून एकविसाव्या शतकातही दोघी कोर्टात भांडत राहिल्या. इथं खरी मर्क कोणती हे ठरवायला गेलं तर दोघींचंही म्हणणं खरं निघतं.

मात्र सगळेच सारख्या नावाचे लोक माझ्या सहानुभूतीला पात्र आहेत असं नाही. नकळत सारखं झालेलं नाव वेगळं आणि करार करून वाटून घेतलेलं नाव वेगळं. रोल्स-रॉइसची कथा या दुसऱ्या प्रकारातली. १९७१ साली विमानाच्या इंजिनापायी कंपनी बुडाली, सरकारने ती ताब्यात घेतली, आणि १९७३ साली मोटारींचा विभाग वेगळा निघाला. १९९८ साली फोक्सवागनने तो मोटारींचा कारखाना ४३ कोटी पौंडांना घेतला. मग लक्षात आलं, की ‘रोल्स-रॉइस’ हे नाव इंजिनवाल्या कंपनीकडेच राहिलं आहे, आणि तिने ते ४ कोटी पौंडांना बीएमडब्ल्यूला देऊन टाकलं. कारखाना एकाकडे, नाव दुसऱ्याकडे! २००३पासून रोल्स-रॉइस मोटारी बीएमडब्ल्यूच्या, फोक्सवागनकडे राहिली त्याच कारखान्यात बनणारी बेंटली, आणि विमानाची इंजिनं बनवणारी रोल्स-रॉइस तिसरीच. २०१० साली सिंगापूरहून निघालेल्या क्वांटासच्या विमानाचं इंजिन हवेत फुटलं ते या तिसरीचं होतं. व्हॉल्वोचंही तसंच. ट्रक आणि यंत्रं बनवणारी मूळ स्वीडिश कंपनी आणि मोटारी बनवणारी कंपनी १९९९पासून वेगळ्या आहेत. मोटारवाली आधी फोर्डकडे गेली, २०१०पासून चीनच्या जीलीकडे आहे. नाव मात्र दोघी मिळून सांभाळतात.

या मंडळींना गोंधळ हवाच असतो. इंजिनाच्या लौकिकाचा झोत मोटारीवर पडावा आणि मोटारीच्या झळाळीचा इंजिनावर, यासाठीच तर ते नावासाठी पैसे मोजतात. त्यामुळे एकीची बदनामी दुसरीला चिकटली तर त्यांनी गळा काढू नये. नावाच्या भाड्यात तोही धोका आला. वेल्समधल्या त्या अभियांत्रिकी कंपनीने असा कुठलाही फायदा उपटला नव्हता.

तिसरा एक प्रकार आहे घर फुटल्याचा. दक्षिण कोरियाचा ह्युंदाई समूह २०००नंतर वारसांच्या भांडणात आणि कर्जाच्या ओझ्याखाली फुटला. मोटारी एकीकडे, जहाजबांधणी दुसरीकडे, जहाज वाहतूक तिसरीकडे. वाहतूक करणारी ह्युंदाई मर्चंट मरीन २०१६ साली कर्जदात्यांच्या ताब्यात गेली, तेव्हा जगाच्या पाठीवर कित्येकांना वाटलं असेल की मोटारवाल्यांची नाव बुडाली. २०२० साली त्या कंपनीने नुसतं ‘एचएमएम’ हे नाव घेतलं. उशिरा का होईना, बरं केलं.

नावाच्या गोंधळात पैसे घालवणारे लोक सर्वांत गमतीशीर सापडतात ते शेअर बाजारात. मार्च २०२०मध्ये सगळं जग झूमवर बैठका घेऊ लागलं तेव्हा लोकांनी ‘झूम टेक्नॉलॉजीज’ नावाच्या भलत्याच कंपनीचे शेअर एवढे घेतले, की अमेरिकेच्या नियामकाला त्यातले व्यवहार थांबवावे लागले. एप्रिल २०२१मध्ये भारतात ऑक्सिजनसाठी हाहाकार उडाला असताना ‘बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स’चा भाव चढत गेला, त्या कंपनीने औद्योगिक वायूंचा धंदा आधीच गुंडाळून गुंतवणुकीचा धरला होता, आणि तसं तिच्या नावातच लिहिलेलं होतं. या लोकांचे पैसे त्यांचे स्वतःचे. त्यांच्यासाठी कायदा करा असं मी म्हणणार नाही. नुसत्या नावावर भरवसा ठेवण्याची किंमत त्यांची त्यांनी मोजली. मला आक्षेप आहे तो ही किंमत तिऱ्हाइतावर ढकलण्याला.

गंमत म्हणजे या प्रश्नाचं उत्तर मालवाहतुकीच्याच धंद्याने केव्हाच शोधून ठेवलं आहे. कुठल्याही कंटेनरच्या दारावर पाहा. चार अक्षरं, सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा. पहिली तीन अक्षरं मालकाची, ती पॅरिसच्या कंटेनर ब्युरोकडे नोंदवलेली असतात आणि जगात दुसऱ्या कोणाला मिळत नाहीत. चौथं अक्षर कंटेनरचा प्रकार सांगतं. चौकटीतला आकडा आधीच्या सगळ्यांवरून गणिताने काढलेला असतो. बंदरात कोणी घाईत एखादं अक्षर चुकीचं टाइप केलं तर सहसा गणित जुळत नाही आणि यंत्र तिथल्या तिथं ओरडतं. मालकाचं नाव ॲटलस आहे की डेल्टा, याच्याशी त्या क्रेनला देणंघेणं नाही.

जहाजांचंही तसंच. मार्च २०२१मध्ये सुएझ कालव्यात चारशे मीटर लांबीचं जहाज आडवं अडकलं, तेव्हा त्याच्या अंगावर घराएवढ्या अक्षरांत ‘एव्हरग्रीन’ लिहिलं होतं. अर्ध्या जगाला ते जहाजाचंच नाव वाटलं. जहाजाचं नाव ‘एव्हर गिव्हन’. मालक जपानी, भाड्याने चालवणारी एव्हरग्रीन तैवानची, झेंडा पनामाचा, देखभाल जर्मन कंपनीकडे, खलाशी भारतीय. आणि ‘एव्हरग्रीन’ हे नावही एकटीचं नव्हतं : अमेरिकेत ओरेगनमध्ये त्याच नावाची मालवाहू विमान कंपनी होती, ती २०१३च्या अखेरीस बंद पडली. तैवानच्या एव्हरग्रीनने विमान कंपनी काढली तेव्हा या अमेरिकी कंपनीशी गल्लत नको म्हणूनच तिचं नाव ‘ईव्हीए एअर’ ठेवलं.

एवढ्या गुंत्यात जहाजाची खरी ओळख कुठं होती? सात आकड्यांत : ९८११०००. हा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा क्रमांक. १९९६पासून मोठ्या जहाजांना तो सक्तीचा आहे. मालक बदलो, झेंडा बदलो, नाव दहादा बदलो, जहाज भंगारात जाईपर्यंत क्रमांक तोच. आणि तो खरा आहे की नाही हे कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही तपासता येतं. पहिल्या आकड्याला सातने, दुसऱ्याला सहाने, असं उतरत सहाव्याला दोनने गुणायचं. नऊ साती त्रेसष्ट, आठ सक अठ्ठेचाळीस, मग पाच, मग चार, पुढे दोन शून्यं. बेरीज १२०. बेरजेचा शेवटचा आकडा शून्य, क्रमांकाचा सातवा आकडाही शून्य. जुळलं. ‘टेलर अँड सन’ला चुकून एक ‘स्’ जास्त लागला तेव्हा त्याला अडवणारं असं कुठलंही गणित मध्ये नव्हतं.

२००९पासून जहाजांच्या मालक आणि व्यवस्थापक कंपन्यांनाही असाच क्रमांक सक्तीचा झाला. तिकडे वित्तक्षेत्राला शहाणपण सुचलं ते २००८ साली लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक कोसळल्यावर. लेहमन नावाच्या शेकडो कंपन्यांपैकी आपले पैसे नेमक्या कुठल्या लेहमनकडे अडकलेत हे बड्या बड्या बँकांना चटकन सांगता येईना. त्यातून वीस अक्षर-आकड्यांचा एलईआय, म्हणजे प्रत्येक कंपनीची कायदेशीर ओळख सांगणारा जागतिक क्रमांक, जन्माला आला. २०१४पासून एक जागतिक संस्था त्याचा कारभार पाहते आणि ती यादी कोणालाही फुकट पाहता येते. अनेक देशांच्या नियामकांनी, त्यात भारताची रिझर्व्ह बँकही आली, मोठ्या व्यवहारांना तो सक्तीचा केला आहे.

म्हणजे क्रमांक आहेत, याद्या खुल्या आहेत, तपासायला मिनिट लागतं. तरीही माल अडतो तो नावावर. सरकारांनी ज्यांच्याशी व्यवहार करायला मनाई केली आहे त्यांच्या, म्हणजे निर्बंधांच्या, यादीत कुठलीशी ‘ओशन’ किंवा ‘स्टार’ नावाची वाहतूक कंपनी असते, बँकेच्या संगणकावर तिच्याशी मिळतंजुळतं नाव आलं की लाल खूण उमटते, आणि समोरचा माणूस खूण पुसण्याचा धोका पत्करत नाही. त्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं काय चुकलं? खरा निर्बंधित सुटला तर बँकेला जबर दंड. निरपराध अडकला तर बँकेला काहीच नाही. अशा काट्याला कुठलाही कारकून एकाच बाजूला झुकवणार. तो काटा सरळ करायचा असेल तर दुसऱ्या पारड्यातही दंड टाकावा लागेल.

माणसांच्या बाबतीत हे एकदा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ट्रान्सयुनियन ही पतमापन संस्था नुसतं नाव आणि आडनाव जुळवून लोकांच्या अहवालावर ‘अतिरेक्यांच्या यादीत असू शकतो’ असा शेरा मारत होती. जन्मतारीख तपासण्याची तसदीही घेत नव्हती. ८,१८५ लोकांवर असे शेरे होते. २०२१ साली न्यायालयाने त्यांपैकी ज्यांचे अहवाल बाहेर कोणाला तरी दिले गेले होते अशा १,८५३ जणांचाच भरपाई मागण्याचा हक्क मान्य केला. बाकीच्यांना वगळणं मला फारसं रुचलेलं नाही, पण कंपन्यांपुरता तो निकष चालेल. कंपन्यांचे अहवाल बनतातच मुळी दुसऱ्याला विकायला.

यावर वाहतुकीतली माणसं एक रास्त शंका काढतात : क्रमांकही चोरता येतात. अमेरिकेत ट्रकवाहतुकीत हा प्रकार बोकाळला आहे. भामटे एखाद्या सचोटीच्या वाहतूकदाराचं नाव आणि त्याचा सरकारी नोंदणी क्रमांक दोन्ही उचलतात, फक्त फोन आणि ई-मेल स्वतःचा देतात, गोदामातून माल उचलतात आणि पसार होतात. हे खरं आहे. पण इथंही गोदामवाल्याने काय केलेलं असतं? समोरच्याने दिलेल्या कागदावरचा क्रमांक त्याच कागदावरच्या नावाशी ताडून पाहिलेला असतो. क्रमांक रजिस्टरमध्ये शोधून, तिथं नोंदलेल्या फोनवर स्वतः फोन लावला असता तर बहुतेक वेळा भामटा उघडा पडला असता. क्रमांकाला त्याच्या रजिस्टरपासून तोडलं की तोही नावाइतकाच पोकळ होतो. जर्मनीत तर कंपनीचा क्रमांक स्थानिक न्यायालयागणिक दिला जातो. न्यायालयाचं नाव लिहिलं नाही तर तोच क्रमांक दुसऱ्या शहरात दुसऱ्याच कंपनीचा निघू शकतो.

छोट्या कंपन्यांवर एलईआयच्या वार्षिक नूतनीकरणाचा खर्च लादू नये, हेही मला मान्य आहे. त्याची गरजही नाही. निबंधकाने दिलेला क्रमांक प्रत्येक कंपनीकडे असतोच. जुळवणाऱ्याने किमान तेवढा तरी पाहावा.

वर्तमानपत्रांनाही हेच लागू. अमुक लॉजिस्टिक्सवर छापा, असं छापताना गाव आणि नोंदणी क्रमांक द्यायला अर्धी ओळ लागते. ती अर्धी ओळ वाचवली, तर त्याच नावाच्या चार निरपराध वाहतूकदारांचे फोन दुसऱ्या दिवशी खणखणतात.

राहता राहिली दुरुस्ती. वेल्सच्या त्या प्रकरणात चूक सुधारायला उशीर झाला नव्हता. सुधारलेली नोंद त्या चुकीच्या नोंदीच्या मागून वेळेत पोचली नाही. पतमापन संस्था आणि माहितीचे व्यापारी कोणता अहवाल कोणाला कधी विकला याचा हिशेब ठेवतात, कारण त्याचं बिल त्यांना लावायचं असतं. त्याच यादीतल्या प्रत्येकाला, त्याच दिवशी, स्वखर्चाने आणि ठळक शब्दांत ‘ती कंपनी ही नव्हे’ असं लेखी कळवण्याचं बंधन कायद्याने त्यांच्यावर घालावं, आणि कळवल्याची पोच त्या कंपनीच्या हातात द्यावी.